पहिल्याच वर्षी पावनखिंड नको: २८ स्काउटांना घेऊन बाहेर पडताना

सर, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. कोल्हापुरातल्या शाळेत या जूनपासून स्काउट पथक तुमच्याकडे आलंय. सातवी-आठवीचे २८ मुलगे आहेत. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत न्यायचं आणि जाता जाता गडावरचं प्लास्टिकही गोळा करायचं, असा बेत आहे. मोठी माणसं दोनच, तुम्ही आणि आणखी एक शिक्षक. मागच्या स्वच्छता मोहिमेत मुलं अर्ध्या तासात कंटाळली, ते यावेळी टाळायचंय. सामान किती, सोबतीला माणसं किती आणि पालकांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय.

सामानाकडे येतोच, पण खरी अडचण सामानाची नाही. २८ मुलं म्हणजे एक घोळका धरून बेत आखलाय, तिथे घोटाळा आहे. घोळक्याला सतत कुणीतरी हाकावं लागतं. तुम्ही पुढे असलात की मागे गोंधळ, मागे असलात की पुढची मुलं दिसेनाशी. सेवेच्या कामात कंटाळा येतो तोही त्याचमुळे. २८ जणांना मिळून एकच काम दिलं की त्यातलं कुणाचंच काम स्वतःचं नसतं. स्काउटमध्ये संघपद्धत आहे ती यासाठीच. ७ जणांचे ४ संघ करा, प्रत्येकाला संघनायक आणि उपसंघनायक द्या, आणि सहलीचा सगळा हिशोब संघाच्या पातळीवर आणा. मग तुम्हाला २८ मुलं सांभाळायची नसतात, ४ संघनायक सांभाळायचे असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी सांगतो. तुमची मुलं रोज किती चालतात, सोबत खरोखर किती मोठी माणसं मिळतात, शाळा कोणत्या महिन्यात सुट्टी देते आणि त्या आठवड्यात पाऊस कसा आहे, हे मला इथून दिसत नाही. खालचे आकडे १२ ते १४ वयाच्या, सराव नसलेल्या मुलांसाठी आहेत. तुमची मुलं खेड्यातून चालत शाळेत येणारी असतील तर चालण्याचा वेग थोडा वाढवा. माणसांची संख्या आणि पाणी मात्र कमी करू नका.

पावनखिंड पहिल्या वर्षी नको म्हणतो, त्याचं कारण अंतर तर आहेच. राजदिंडीतून उतरून म्हाळुंगे, मसाई पठार आणि पुढच्या वाड्या-वस्त्यांतून जाणारी ही वाट ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन दिवसांची आहे. जुलैत चिखल, जळवा, भरलेले ओढे आणि पठारावर धुकं असतं. मसाई पठार सपाट आहे, म्हणून सोपं वाटतं. धुक्यात तीच सपाटी घातक ठरते, कारण खुणेला झाड नाही, चढ नाही, उतार नाही. वीस पावलांवरचा मुलगा दिसत नाही. मोठ्या मोहिमांमधून हजारो लोक हे अंतर चालतात हे खरं, पण त्यांच्यामागे वाटाडे, मुक्कामाची सोय, जेवण आणि गाड्या असतात. दोन शिक्षकांवर ते पेलणार नाही.

त्यामुळे वर्षाची पायरी अशी लावा. जून-जुलै शाळेच्या मैदानावर आणि गावात, गणपती आणि नवरात्रात सेवेचे छोटे दिवस, पन्हाळ्याची पहिली सहल नोव्हेंबरात, त्यानंतर महिन्याभराने गडावर फक्त सेवेचा दिवस, आणि जानेवारीत मसाई पठार. चालायचा दिवस आणि सेवेचा दिवस एकत्र करू नका. चालून दमलेलं मूल वाकून कचरा उचलत नाही, आणि पोती घेऊन गड उतरता येत नाही.

मैदानावर काय करायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १०० मीटर सुतळीने मोजून दोन टोकांना खुंट्या ठोका. प्रत्येक मुलाने नेहमीच्या चालीने जायचं आणि फक्त उजवा पाय पडला की मोजायचं. या वयात आकडा साधारण ७५ ते ८५ येतो. तो वहीत लिहून ठेवायचा. मग एका रविवारी सकाळी रंकाळा तलावाच्या कडेने चालवा आणि प्रत्येक संघाने अंतर पावलांनी काढून आणायचं. चार संघांचे चार आकडे येतील. कुणाचा का चुकला यावर जी चर्चा होते, तिच्यातून नकाशा आणि वेग दोन्ही शिकवून होतात. त्याच सहलीत तुम्हालाही कळतं की कुणाचा बूट चावतो, कोण सारखा मागे पडतो, आणि कुठला संघनायक आपल्या मुलांना सोडून पुढे पळतो.

आता पन्हाळ्याचा दिवस. शहरापासून अंतर साधारण २० किलोमीटर. एसटी शालेय सहलींना सवलतीत गाडी देते, त्यासाठी आगारात आधी अर्ज करा. गडावर सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा, अंधारबाव अशी फेरी ७ किलोमीटरची धरा. थांबत-मोजत जाणारी मुलं तासाला ३ किलोमीटरच चालतात, म्हणजे चालण्याचे २ तास २० मिनिटं. चार ठिकाणी २० मिनिटं म्हणजे ८०. जेवणाला ४५, आणि लघवी-पाणी-मोजणीला ३०. बेरीज जवळजवळ ५ तास. साडेसातला कोल्हापूर सोडलं, ९ला चालायला लागलं तर २ वाजतात. परतीची गाडी ३ची ठेवा. तो मधला एक तास रिकामा वाटतो म्हणून कुणी त्यात आणखी एक बुरूज घालेल, तो घालू देऊ नका. मुरगळलेला पाय, हरवलेली पिशवी, उशिरा आलेला संघ, सगळं त्याच तासात मावतं.

अंधारबाव म्हणजे गडावरची पायऱ्यांची विहीर. तिच्यात एका वेळी एकच संघ, आणि तोंडाशी एक मोठं माणूस. जिना काळोखी आहे, २८ जण एकदम आत गेले की पायऱ्यांवर ढकलाढकल ठरलेली. तटावर चढायचं नाही, हा नियम गाडीतच सांगा, गडावर पोचल्यावर नाही.

माणसं ५ लागतील. प्रत्येक संघामागे एक आणि एक मोकळा, ज्याच्याकडे वाहनाची सोय आहे. शिक्षक नसतील तर पालक घ्या, पण पालकाला स्वतःच्या मुलाचा संघ देऊ नका. दोनच माणसं मिळत असतील तर गडाचा बेत पुढे ढकला आणि गावातली फेरी करा. रांगेत सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे प्रथमोपचाराची पिशवी असलेला. मागच्याच्या पुढे शेवटचा स्काउट, हे कधीच बदलायचं नाही.

मोजणी एक ते अठ्ठावीस अशी करू नका. कुणीतरी गमतीने दुसऱ्याचा आकडा म्हणतो आणि तुमची बेरीज बरोबर येते. संघनायकाने नावं घेऊन पाहायचं आणि तुम्हाला येऊन सांगायचं: ‘चित्ता संघ, सातपैकी सात.’ गाडीत चढताना-उतरताना, स्वच्छतागृहानंतर आणि जेवणानंतर ही मोजणी झालीच पाहिजे. माझ्या अनुभवात मूल मागे राहतं ते बहुतेक वेळा स्वच्छतागृहापाशीच.

सामानाचा हिशोब वजनावरून करा. सातवीतला मुलगा ३५ ते ४० किलोचा असतो, त्याच्या पाठीवर ४ किलोच्या वर जाऊ देऊ नका. २ लिटर पाणी म्हणजे तिथेच २ किलो गेले. पिशवी स्वतः पाऊण किलो, डबा अर्धा किलो. उरतो पाऊण किलो, त्यात टोपी, जादा मोजे, पातळ स्वेटर, शिट्टी, दोरी आणि वही. मोबाइल, पॉवर बँक, क्रिकेटची बॅट याला जागाच नाही, हे मुलांना वजनकाट्यावर पिशवी ठेवून दाखवा. नुसतं सांगून पटत नाही. आदल्या दिवशी शाळेत पिशव्या तोलायच्याच. डब्यात चपाती आणि कोरडी भाजी. भात दुपारपर्यंत आंबतो. मधल्या वेळेला भडंग नको, तहान वाढते. शेंगदाणे-गूळ प्रत्येकी मूठभर पुरतात. मार्चनंतर पाणी ३ लिटर. तेव्हा ४ किलोची मर्यादा थोडी ओलांडली जाते, म्हणून चालणं त्या मानाने कमी करा.

बूट नवे नकोत. सहलीसाठी म्हणून आदल्या दिवशी आणलेले कॅनव्हास बूट हे फोडांचं पहिलं कारण. टाच गरम वाटली की लगेच सांगायचं आणि त्याच ठिकाणी चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर पट्टी लावून उपयोग नाही.

ओआरएसबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं छापलेलं २१ ग्रॅमच्या आसपासचं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, संपूर्ण पाकीट आणि संपूर्ण लिटर. मुलं ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. मग पाण्यात क्षार दुप्पट होतात, चव खारट लागते, मळमळतं, आणि दमलेलं मूल पाणीच प्यायचं थांबवतं. प्रत्येक संघाकडे १ लिटरची खूण केलेली बाटली ठेवा. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं.

मोठ्या पिशवीत १० सेंटीमीटरचे दोन क्रेप बँडेज, जाळीच्या पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीन, कात्री, चिमटा, हातमोजे, थर्मामीटर आणि ओआरएसची १० पाकिटं. तोंडाने घ्यायची औषधं पालकांनी लेखी दिली असतील तेवढीच. हात गळ्यात बांधायला स्कार्फ आहेच.

गडावर सापापेक्षा मला आग्यामोहोळाची धास्ती जास्त वाटते. मोठ्या झाडांवर, तटाच्या आणि कड्यांच्या आडोशाला पोळी असतात. अत्तर-डिओ लावून यायचं नाही, धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंडावर स्कार्फ ओढून, आलो त्या वाटेने लांब पळायचं. थांबून मित्राच्या अंगावरच्या माश्या मारत बसायचं नाही. काटे नखाने किंवा पट्टीच्या कडेने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, किंवा खूप डंख असले की थेट दवाखाना. सापाच्या बाबतीत चार नावं मुलांना माहीत असू द्या: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावल्यावर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नको. मुलाला चालवायचं नाही, चावलेला भाग फळीने स्थिर करायचा आणि वाहनाने न्यायचं. तो पाचवा मोकळा माणूस आणि त्याचं वाहन याचसाठी. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय आहे. १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम. रस्त्याच्या कडेने चालायची वेळ आली तर उजव्या बाजूने, एका ओळीत, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर तुमच्या जवळून जातो तेव्हा मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, आणि बाहेर आलेला ऊस खांद्याला घासतो. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून उभं राहायचं, तो पूर्ण जाईपर्यंत. उसाच्या फडाशेजारी किंवा पाचटाजवळ चूल पेटवायची नाही, कितीही लांब वाटलं तरी.

स्वयंपाक पहिल्या दोन सहलींत नको. तिसरीत, मालकाला विचारून एखाद्या मोकळ्या रानात करा, गडावर नाही. पन्हाळा हे केंद्र संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ च्या जुलैपासून मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ किल्ल्यांमध्ये जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथे चूल, तंबूच्या खुंट्या, खोदकाम काहीच बसत नाही. रानात ७ जणांच्या खिचडीला ७०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मूगडाळ, ३ लिटर पाणी आणि निदान ७ लिटरचं झाकणाचं पातेलं. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवा, लाकूड कमी लागतं. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्या. नंतर काजळी मातीबरोबर निघून जाते आणि घासायला दहा मिनिटं पुरतात. बिघडतं ते दोन कारणांनी: पातेलं लहान पडून उतू जातं, किंवा दोघं वेगवेगळे येऊन मीठ घालतात. मीठ एकाच्याच ताब्यात द्या.

आता सेवेकडे. ज्याची सेवा करायची त्याला आधी विचारा, तुम्हाला काय हवंय. पन्हाळ्यावर कचरा उचलायचा तर नगरपरिषदेला आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना आठवडाभर आधी भेटा. कुठली जागा, आणि मुख्य म्हणजे भरलेली पोती कोण, किती वाजता, कुठून उचलणार. याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नका. बहुतेक मोहिमा इथेच फसतात. पोती दरवाजाशी रचून फोटो निघतो, गाडी दोन दिवसांनी येते, तोपर्यंत कुत्र्यांनी पोती फाडून सगळं पुन्हा पसरलेलं असतं.

जागा ठरली की प्रत्येक संघाला सुतळीने २५ मीटर बाय २५ मीटरचा चौकोन आखून द्या. वेळ ४० मिनिटं, मग १० मिनिटं विश्रांती, मग हवा तर दुसरा चौकोन. एकूण दीड तासाच्या वर नाही. जोड्या करा: एकाच्या हातात साखरेचं रिकामं पोतं, दुसरा उचलणारा, दर १० मिनिटांनी अदलाबदल. तीन जोड्या झाल्या, सातवा संघनायक. तो उचलत नाही. सुतळीबाहेर कोण गेलं, पाणी कोण प्यायलं नाही, कुणाचा हातमोजा फाटला, हे तो बघतो. बाटल्या चिरडून, बूच पुन्हा लावून वेगळ्या पोत्यात; पिशव्या आणि वेष्टनं दुसऱ्यात. काच, सुया, डायपर याला मुलांनी हात लावायचा नाही, खूण म्हणून काठी रोवायची आणि मोठ्या माणसाने चिमट्याने उचलायचं. तटाखालच्या उतारावर सगळ्यात जास्त कचरा दिसतो आणि मुलांना तोच खुणावतो. तो तिथेच राहू द्या. सुतळीचा चौकोन तटापासून १० मीटर आत आखा.

शेवटी हुकच्या काट्यावर प्रत्येक संघाचं वजन करून वहीत लिहा. चौकोनाची सुतळी गुंडाळायच्या आधी मुलांना मागे वळून बघायला लावा. आखलेली जागा स्वच्छ आणि बाहेरची तशीच, हे डोळ्यांना दिसतं तेव्हा पुढच्या वेळी यायला सांगावं लागत नाही. कंटाळ्यावर मला माहीत असलेला हाच उपाय आहे: काम दिसेल एवढं लहान, संपेल एवढं नेमकं.

शहरातली सेवा याच मापाने आखा. विसर्जनाला निर्माल्य गोळा करताना मुलं पाण्याच्या पायरीवर नकोत, वर रस्त्यालगत टेबल मांडा. फुलं-पानं एका पिंपात, दोरे, प्लास्टिक आणि थर्माकोल दुसऱ्यात. दोरा काढला नाही तर हाराचं खत होत नाही, म्हणून एका जोडीला फक्त दोरे कापायचं काम. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत पाणी देणं, वयस्कांना बसायची जागा दाखवणं जमतं. गर्दी आवरणं हे या वयाचं काम नाही, आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला तर मुळीच नाही.

पुराबद्दल वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ नंतर प्रत्येक शाळेला पूरग्रस्तांसाठी काही करावंसं वाटतं, ते योग्यच आहे. पण पुराच्या पाण्यात आणि ओसरल्यानंतरच्या गाळात मुलं उतरवू नका. लेप्टोचा (उंदराच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा) धोका आहे, गाळात पत्रे-काचा असतात. शाळेच्या कोरड्या हॉलमध्ये कपडे मापाप्रमाणे लावणं, कोरड्या शिध्याच्या पिशव्या भरणं, यादी लिहिणं ही कामं संघाला छान जमतात. पावसाळ्यात कुठलाही बेत असला तरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सकाळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पूर वाढला की केर्लीजवळ पन्हाळ्याचा रस्ताच पाण्याखाली जातो. चढताना मोकळा असलेला रस्ता उतरताना बंद मिळू शकतो. ओढ्याचं पाणी सर्वांत बुटक्या मुलाच्या गुडघ्यावर असेल, किंवा गढूळ होऊन तळ दिसत नसेल, तर ओलांडायचा नाही.

पालकांना एक पानी पत्र द्या. ‘काळजी करू नका’ लिहू नका, त्याने कुणाची काळजी जात नाही. जायची-यायची वेळ, गाडी, फेरीची ठिकाणं, सोबतच्या पाचही मोठ्यांची नावं आणि नंबर, जवळचा दवाखाना, आणि अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर कुणाकडून निरोप येईल, एवढं लिहा. खालच्या भागात त्यांनी भरायचं: रक्तगट, दमा, फिट्स, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषधं, पोहता येतं का, आणि सही. मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाची परवानगी घ्या आणि जिल्हा स्काउट-गाइड कार्यालयाला कळवा. हे कागद एक प्रत शाळेत, एक मागच्या माणसाच्या पिशवीत.

सहलीच्या आधीच्या शनिवारी चारही संघनायकांना घेऊन कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची सभा, बसवा. जेवणाची जागा, थांबे, मागे पडणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना ठरवू द्या. सुरक्षेचे नियम तुमचे, बाकी निर्णय त्यांचे. एखादा निर्णय तुम्हाला पटला नाही आणि त्यात धोका नसेल, तर तसाच होऊ द्या. जेवणाची जागा उन्हात निवडली तर पुढच्या वेळी तेच सावली शोधतील.

पावनखिंडीचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. बाजीप्रभूंची वाट चालायची ओढ कोल्हापूरच्या पोराला असणारच. तिसऱ्या वर्षी, ही मुलं नववी-दहावीत गेल्यावर, मसाई पठार दोनदा चालून झालेलं असेल, एक रात्र तंबूत काढलेली असेल, सलग दोन दिवस रोज १५ किलोमीटर चालून कुणाच्या पायाला फोड आले नसतील, तर न्या. तेव्हाही आधी हिवाळ्यात, वाटाड्या घेऊन. पावसाळ्यात त्यानंतरच्या वर्षी.

पुढच्या शनिवारी मैदानावर १०० मीटर आखून घ्या. मुलांचे पावलांचे आकडे आले की इथे टाका, पन्हाळ्याच्या वेळा त्यावरून पक्क्या करून देतो.